रिपोर्ट नॉर्मल, माणूस आजारी : क्रॉनिक फटीग सिंड्रोमबद्दल थोडे स्पष्ट बोलूया

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. साधारण अडतीस वर्षांच्या एक शिक्षिका नवऱ्यासोबत माझ्या ओपीडीत आल्या. (त्यांची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हातात जाडजूड फाईल. हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, बी-ट्वेल्व्ह, छातीचा एक्स-रे, ईसीजी, टू-डी इको, पोटाची सोनोग्राफी, मेंदूचा एमआरआय. जळगाव, धुळे, नाशिक असे तिन्हीकडे दाखवून झाले होते. सगळे रिपोर्ट नॉर्मल.

तक्रार एकाच वाक्याची होती. "सर, आठ महिन्यांपूर्वी ताप आला होता. ताप गेला, पण माझी ताकद घेऊन गेला."

मी फाईल चाळली, बीपी पाहिले, छाती तपासली आणि तेच सांगितले जे आधीच्या चार डॉक्टरांनी सांगितले होते. "मॅडम, तुम्हाला काही झालेलं नाही. टेन्शन कमी करा. रोज सकाळी मेहरूण तलावावर फिरायला जा, दर दोन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. महिनाभरात फरक पडेल."

बाई शिस्तीच्या. अकरा दिवस नेमाने चालल्या. बाराव्या दिवशी उठताच येईना. पुढचे तीन आठवडे भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जायचे आणि परत येऊन पडायचे, एवढेच. डोळ्यांना उजेड सहन होईना, मुलांचा आवाज सहन होईना. त्यांच्या यजमानांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो मला जास्त लागला. "सर, तुम्ही सांगितलं तेच केलं हो तिने."

साडेपाच वर्षे एमबीबीएस, तीन वर्षे एमडी, त्यावर पंचवीस वर्षांची प्रॅक्टिस. एवढ्या काळात या आजाराबद्दल मी दोन ओळींपेक्षा जास्त वाचले नव्हते. त्या फोननंतर वाचायला बसलो. आजचा लेख त्या वाचनातून आला आहे. तो माहितीपर आहेच, पण त्यात तक्रारही आहे. तक्रार माझ्यासकट आम्हा सगळ्या डॉक्टरांविरुद्ध आहे, आणि थोडी घरातल्या माणसांविरुद्धही.

थकवा तीन प्रकारचा, बाटली मात्र एकच

आपल्याकडे थकव्याची तक्रार घेऊन येणारा पेशंट रोज दिसतो. "अशक्तपणा वाटतो", "हातापायात गोळे येतात", "आंगमा जीवच नही ऱ्हायना". या पेशंटचे काय होते हे तुम्हालाही माहीत आहे. सलाईन लागते. त्यात पिवळे इंजेक्शन टाकले जाते. बाटली पिवळी झाली की पेशंटला वाटते ताकद चढते आहे.

त्या बाटलीत काय असते? पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. त्यातून मिळणारी ऊर्जा सुमारे शंभर कॅलरी, म्हणजे साधारण एका केळ्याइतकी. केळीच्या जिल्ह्यात राहून आपण एका केळ्यासाठी शिरेत सुई टोचून घेतो आणि वर शेकडो रुपये देतो. पिवळा रंग असतो बी-कॉम्प्लेक्समधल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा. ज्याच्या शरीरात त्याची कमतरता नाही, त्याच्या लघवीतून ते दुसऱ्या दिवशी बाहेर पडते. काही ठिकाणी याच्या जोडीला स्टेरॉईडचे इंजेक्शनही दिले जाते. त्याने दोन दिवस तरतरी येते, मग पेशंट आणखी खाली जातो आणि पुन्हा बाटली मागायला येतो.

खरे तर थकव्याच्या तक्रारीमागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. तिघांनाही एकच बाटली लावणे हा माझ्या मते आमच्या व्यवसायाचा आळस आहे.

पहिला प्रकार : ज्याचे कारण सापडते

यात सर्वांत मोठा वाटा रक्ताच्या कमतरतेचा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे. त्यानंतर थायरॉईड, मधुमेह, टीबी, किडनी व लिव्हरचे आजार, बी-ट्वेल्व्हची कमतरता, घोरणाऱ्या जाड माणसातला स्लीप ॲप्निया, आणि आपणच लिहून दिलेल्या काही गोळ्यांचे दुष्परिणाम. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो, म्हणून फेरिटिन तपासावे लागते.

हे सगळे शोधल्याशिवाय कोणालाही क्रॉनिक फटीग सिंड्रोमचे लेबल लावू नये. वजन कमी होत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, रात्री घाम येत असेल, धाप लागत असेल, अंगावरून जास्त जात असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करून घ्या.

दुसरा प्रकार : आयुष्याच्या ओझ्याचा थकवा

याबद्दल आपल्या शेजारच्या गोव्यात एक चांगला अभ्यास झालेला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे १२ टक्के, म्हणजे आठ-नऊ स्त्रियांमागे एकीला सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा होता. आपण पटकन म्हणू, रक्त कमी असेल. पण या अभ्यासात थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो गरिबीशी, कर्जाशी, घरात अन्न कमी पडण्याशी, नवऱ्याकडून होणाऱ्या छळाशी आणि मनाच्या आजारांशी.

दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी चूल पेटवणारी, नवऱ्याची दारू आणि सावकाराचा तगादा सोसणारी बाई "अशक्तपणा आहे" म्हणते, तेव्हा तिच्याकडे बोलायला तेवढा एकच शब्द असतो. तिला लोहाच्या गोळ्या देऊन बाहेर पाठवणारा डॉक्टर तिचे ऐकत नाही. "घरी सगळं ठीक आहे ना, ताई?" हा प्रश्न नवऱ्याला बाहेर बसवून विचारावा लागतो. डिप्रेशन असेल तर त्यावर उत्तम औषधे आहेत, आणि ती तालुक्याच्या गावीही मिळतात.

हा थकवा खरा आहे. पण तो क्रॉनिक फटीग सिंड्रोम नाही. गोव्याच्या अभ्यासातही क्रॉनिक फटीग सिंड्रोमची नव्हे, थकव्याची मोजणी झाली होती. दोन्हींची गल्लत झाली की दोन्हीकडच्या पेशंटचे नुकसान होते.

तिसरा प्रकार : ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही

आता मूळ विषयाकडे येतो. या आजाराचे जुने नाव मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस. १९८८ साली अमेरिकेत त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे नाव मिळाले. माझ्या मते या नावानेच निम्मा घात केला. "थकवा तर मलाही येतो", असे म्हणायला सगळे मोकळे झाले. टीबीला कोणी "दीर्घकालीन खोकला" म्हणाले असते, तर त्याचीही आपण अशीच थट्टा केली असती.

२०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने उपलब्ध संशोधन तपासून निदानाचे सोपे निकष दिले. पहिल्या तीन गोष्टी असायलाच हव्यात :

१) आधी जमणारी नोकरी, शिक्षण, घरकाम सहा महिन्यांहून जास्त काळ खूपच कमी झालेले असणे, सोबत नव्याने सुरू झालेला आणि विश्रांतीने न जाणारा थकवा.
२) श्रमानंतर होणारी पडझड.
३) झोपून उठल्यावरही ताजेतवाने न वाटणे.

आणि पुढील दोनपैकी किमान एक :

१) डोके न चालणे. शब्द न आठवणे, वाचलेले लक्षात न राहणे, साधा हिशोब चुकणे.
२) उभे राहिल्यावर चक्कर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, आणि आडवे झाल्यावर बरे वाटणे.

यातली श्रमानंतरची पडझड ही खरी खूण. तुम्ही-आम्ही जास्त काम केले तर थकतो, झोपतो, सकाळी ठीक होतो. या पेशंटचे तसे होत नाही. आज लग्नाला जाऊन आला, आज बरा दिसला, हसला-बोलला. उद्या किंवा परवा कोसळतो. आणि मग दिवसच्या दिवस, कधी आठवडे, उठता येत नाही. घसा दुखतो, अंग तापल्यासारखे वाटते, डोके बधिर होते. श्रम म्हणजे केवळ शारीरिक नव्हे. पेपर तपासणे, तासभर फोनवर बोलणे, बँकेत रांगेत उभे राहणे यानेही असे होते.

उशिरा येणारी ही पडझडच पेशंटला खोटे ठरवते. "काल तर छान फिरत होती, आज काम दिसलं की लगेच झोपली!" कालच्या फिरण्याची किंमत ती आज मोजते आहे, हे कोणाला दिसत नाही.

हे मोजता येते का? येते. सलग दोन दिवस सायकलवर श्वासाच्या मोजमापासह व्यायाम चाचणी केली, तर केवळ व्यायामाची सवय नसलेला माणूस दुसऱ्या दिवशीही साधारण पहिल्याइतकीच क्षमता दाखवतो. या आजाराच्या अनेक पेशंटची क्षमता दुसऱ्या दिवशी घसरलेली दिसते. मात्र ही चाचणी पेशंटला आणखी आजारी करू शकते, म्हणून ती रोजच्या निदानासाठी करत नाहीत. मी माझ्या पेशंटवर अकरा दिवस नकळत असाच प्रयोग केला होता. फक्त मोजले काही नाही.

अविश्वासाचा इतिहास

पुढची माहिती वाचताना मला आमच्या व्यवसायाची लाज वाटली.

१९५५ च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये साथ आली. जवळपास ३०० कर्मचारी आजारी पडले, त्यात नर्स आणि महिला डॉक्टर बऱ्याच. हॉस्पिटल काही आठवडे बंद ठेवावे लागले. पंधरा वर्षांनी, १९७० साली, मॅकएव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचार तज्ज्ञांनी जुने केसपेपर वाचून जाहीर केले की तो सामूहिक हिस्टेरिया होता. त्यांच्या कारणांपैकी एक असे : आजारी पडलेल्यांमध्ये स्त्रिया फार होत्या. पेशंटना त्यांनी तपासलेही नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्येच हा आजार मज्जासंस्थेच्या आजारांत नोंदवला होता. तरी वर्गात, वॉर्डात आणि चहाच्या टेबलावर टिकला तो हिस्टेरियाच.

दुसरा प्रकार आमच्या काळातला. २०११ साली लॅन्सेट या प्रतिष्ठित नियतकालिकात पेस नावाचा ब्रिटिश अभ्यास आला. पेशंट ६४१. निष्कर्ष असा की व्यायाम ठरावीक पायऱ्यांनी वाढवत नेला किंवा विचार बदलण्याचे समुपदेशन केले तर पेशंट सुधारतात. पुढच्या लेखात काही पेशंट "बरे झाले" असाही दावा झाला. जगभर डॉक्टरांनी तेच धरून ठेवले. मी मेहरूण तलाव सुचवला, त्यामागेही नकळत हाच विचार होता.

पेशंटनी मात्र हार मानली नाही. अभ्यासाचा मूळ डेटा त्यांनी मागितला, विद्यापीठाने नाकारला. अखेर एका ऑस्ट्रेलियन पेशंटच्या अर्जावर २०१६ मध्ये ब्रिटनच्या न्यायाधिकरणाने तो खुला करायला लावला. "बरा" कोणाला म्हणायचे याचे निकष अभ्यास सुरू झाल्यानंतर सैल केले गेले होते. शारीरिक क्षमतेच्या मोजपट्टीवर ६५ किंवा त्याहून कमी गुण असलेल्याला आजारी म्हणून अभ्यासात घेतले, आणि शेवटी त्याच मोजपट्टीवर ६० गुणांना "बरा" म्हणायची सोय ठेवली. मूळ निकष लावून पुन्हा हिशोब केल्यावर बरे होण्यातला फरक जवळपास उरला नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाईस या संस्थेने आपला २००७ चा सल्ला बदलला. ठरावीक पायऱ्यांनी वाढवत नेणारा व्यायाम या पेशंटना देऊ नका, असे स्पष्ट लिहिले. समुपदेशन हे आजार बरा करण्यासाठी नव्हे, आजारासोबत जगायला आधार म्हणून द्या, असेही. हा बदल होऊन इतकी वर्षे झाली. आपल्याकडे किती केसपेपरवर तो पोहोचला?

आपल्या खान्देशाचा काय संबंध?

"हे गोऱ्यांचे, पैसेवाल्यांचे आजार", असे मला एका डॉक्टर मित्राने ऐकवले. त्याला मी ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या ग्रामीण भागातला अभ्यास सांगितला. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. तीन वेगवेगळे संसर्ग झालेल्या २५३ जणांचा पाठपुरावा केला. सहा महिन्यांनी सुमारे ११ टक्के लोक क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या निकषात बसत होते. तिन्ही संसर्गांत प्रमाण साधारण सारखेच. कोणाला हा त्रास होणार हे आधीच्या मानसिक त्रासावरून ठरले नाही. मूळ आजार किती जोराचा होता, त्यावरून ठरले.

त्या तीन संसर्गांपैकी एक होता रॉस रिव्हर ताप. तो डासांमुळे होतो, आणि त्याचा विषाणू आपल्या चिकुनगुन्याचा जवळचा नातेवाईक आहे. आता सांगा, संबंध आहे की नाही? २००६ ची चिकुनगुन्याची साथ आपण पाहिली. महाराष्ट्रात घरेच्या घरे वाकून चालत होती. डेंग्यू दर पावसाळ्यानंतर येतो. २०२० च्या मे-जूनमध्ये कोरोनाच्या मृत्युदरासाठी जळगाव जिल्ह्याचे नाव देशभरच्या बातम्यांत होते. जे गेले त्यांची मोजणी झाली. जे वाचले पण पूर्वीसारखे उठलेच नाहीत, त्यांची मोजणी कोणी केली? लाँग कोविडच्या पेशंटपैकी एक मोठा गट याच आजाराच्या निकषात बसतो, हे जगभर दिसले आहे. आपल्याकडे त्यांना "कोरोनानंतरचा अशक्तपणा" म्हणून बाटली लागली.

डॉक्टर मित्रांनो, दहा मिनिटे द्या

मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. चार गोष्टी करा.

१) "थकवा येतो का?" असे विचारू नका. "जास्त काम केलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं?" असे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

२) पेशंटला पाच-दहा मिनिटे झोपवून नाडी आणि बीपी घ्या. मग भिंतीला टेकून दहा मिनिटे उभे करा आणि दर मिनिटाला दोन्ही मोजा. कोणीतरी शेजारी उभे राहा, चक्कर येऊ शकते. बीपी न पडता नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहिली, तर मोठ्या माणसात तो पॉट्स नावाचा त्रास असू शकतो. त्यावर उपचार आहेत. सलाईन लावल्यावर या पेशंटना काही तास बरे वाटते, कारण रक्तवाहिन्यांतले द्रव वाढते. ते तर पुरेसे पाणी आणि (बीपी, किडनी, हृदय ठीक असेल तर) मीठ तोंडाने देऊनही साधते.

३) मूलभूत तपासण्या एकदाच, नीट करा : सीबीसी, फेरिटिन, टीएसएच, शुगर, क्रिएटिनिन, लिव्हर, कॅल्शियम, ईएसआर किंवा सीआरपी, लघवी, बी-ट्वेल्व्ह, सीलिॲकची चाचणी, गरजेप्रमाणे एक्स-रे. दर महिन्याला एमआरआयकडे पाठवू नका.

४) "तुम्हाला काही झालेलं नाही" हे वाक्य बंद करा. त्याऐवजी म्हणा, "या तपासण्यांत दिसत नाही असा आजार तुम्हाला असू शकतो. आपण पाहू." खरे तेच बोलायला कमीपणा कसला?

एक आक्षेप नेहमी येतो. "असं सांगितलं तर पेशंट आजार धरून बसतात, कामचुकारांना निमित्त मिळतं." मी इतक्या वर्षांत खूप कामचुकार पाहिले. त्यांना सुट्टीचे सर्टिफिकेट हवे असते. ते मिळाले की ते मजेत असतात. हे पेशंट मात्र सुट्टी नको, कामावर जाऊ द्या म्हणून रडतात. डिप्रेशनमधला माणूस म्हणतो, "काही करावंसंच वाटत नाही." हा माणूस म्हणतो, "खूप करावंसं वाटतं, पण केलं की पडतो." एवढा फरक ऐकू येण्यासाठी एमडी व्हावे लागत नाही. अर्थात लांबलेल्या आजाराने मनही खचते, तेव्हा त्याचाही उपचार करायचाच.

पेशंटसाठी : विहिरीचा हिशोब

खरे सांगतो, आज हा आजार मुळापासून बरा करणारे औषध नाही. जो "शंभर टक्के गॅरंटी" देतो, डिटॉक्स, ओझोन, स्टेम सेल विकतो, त्याच्या दारात जाऊ नका. झोप, वेदना, चक्कर यांवर मात्र औषधे आहेत, ती घ्या.

मुख्य उपचार म्हणजे पेसिंग, म्हणजे असलेल्या ताकदीच्या आत राहणे. उन्हाळ्यात विहिरीला पाणी कमी असते तेव्हा शेतकरी मोटर सलग चालवत नाही. तासभर उपसतो, बंद करतो, झरे भरू देतो. तळ गाठला तर मोटर जळते. तुमचेही तेच.

• दोन-तीन आठवडे वहीत लिहा : काय केले, किती वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय झाले. तुमची मर्यादा तुम्हालाच दिसेल.
• थकल्यावर थांबू नका, थकण्याआधी थांबा.
• बरे वाटले त्या दिवशी साठलेली कामे उपसू नका. बहुतेक जण तिथेच फसतात.
• भाजी निवडणे, पोळ्या, इस्त्री, आंघोळ ही कामे बसून करा.
• आपला ४४-४५ अंशांचा उन्हाळा उभे राहण्याचा त्रास वाढवतो. दुपारची कामे टाळा, पाणी जवळ ठेवा.
• पूर्ण अंथरुणाला खिळून राहा असे मी सांगत नाही. त्रास वाढणार नाही इतकी हालचाल ठेवा. ती किती, हे कॅलेंडर नाही, तुमचे शरीर ठरवेल.

काही पेशंट सावकाश सुधारतात, मुलांमध्ये आशा जास्त असते. मोठ्यांमध्ये पूर्ण बरे होणारे कमी, हेही लपवत नाही. सुमारे चौथा हिस्सा पेशंट कधी ना कधी घराबाहेर पडू शकत नाहीत किंवा अंथरुणातच असतात. जगणे नकोसे वाटू लागले तर एकटे राहू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येते.

घरच्या मंडळींसाठी

आपल्या घरात बाईचा थकवा हा आजार मानायची पद्धत नाही. "आमच्या वेळी आम्ही दहा माणसांचा स्वयंपाक करून शेतात जायचो", हे सासूबाईंचे वाक्य खरेच असते. त्यांनी सोसले, त्याची कोणी दखल घेतली नाही, म्हणून सुनेचीही घ्यायची नाही, हा न्याय कुठला?

सून, मुलगा, नवरा, कोणीही असो : त्याला "उठून बघ तर, बरं वाटेल" असे म्हणू नका. त्याने ते शंभरदा करून पाहिलेले असते. त्याऐवजी एक काम अंगावर घ्या. खोलीतला टीव्ही बंद करा. पाहुण्यांना तुम्हीच सांगा की आज भेटता येणार नाही.

शाळांचे मुख्याध्यापक, ऑफिसचे साहेब यांनाही सांगणे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात या आजाराचे नाव नाही. त्यामुळे पेशंटच्या हाती सवलतीचा कागद नसतो. तरी खुर्ची द्यायला, तळमजल्यावरचा वर्ग द्यायला, दुपारी अर्धा तास पडू द्यायला कोणत्या कायद्याची वाट पाहायची?

त्या शिक्षिकांचे काय झाले?

त्या पूर्ण बऱ्या झालेल्या नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. चालणे बंद केले. भिंतीला उभे करून नाडी मोजली तेव्हा दहा मिनिटांत ती ८० वरून १२० च्या वर गेली होती. आठ महिन्यांच्या जाड फाईलमध्ये हे कोणीच मोजलेले नव्हते, मीही नाही. औषध, पाणी-मीठ, पायांना घट्ट मोजे आणि विहिरीचा हिशोब यावर वर्षभर गेले. आता त्या शाळेत अर्धा वेळ जातात, तळमजल्यावर, खुर्चीत बसून शिकवतात. रविवार पूर्ण झोपून काढतात, तेव्हा सोमवार जमतो.

मागच्या महिन्यात फॉलोअपला आल्या तेव्हा मी विचारले, "मॅडम, सगळ्यात जास्त फरक कशाने पडला?" मला वाटले औषधाचे नाव घेतील.

म्हणाल्या, "सर, तुम्ही माझ्यासमोर यांना सांगितलंत ना, की ही नाटक करत नाही, हिला आजार आहे. त्या दिवशी मी घरी जाऊन शांत झोपले."

ते वाक्य मी पहिल्याच भेटीत बोलू शकलो असतो. त्याला रिपोर्ट लागत नव्हता.